नाक्यापर्यंत खांदा

मर्तिकाचं सामान विकणाऱ्याचा धंदा बसला तर त्याने रडायचं कुणापाशी? भाजीवाला बोंब मारू शकतो, टॅक्सीवाला संप करू शकतो. पण तिरडीचे बांबू, मडकी, पांढरं कापड आणि शेणी विकणारा जयवंत परब जर चारचौघांत म्हणाला असता, की बाबांनो, माझं गिऱ्हाईक तुटलं, तर लोकांनी त्याच्या तोंडात शेण घातलं असतं. म्हणून तो गप्प राहिला. चैत्र सरला, ऊन चढलं, लालबाग-परळची पिकली पानं नेहमीप्रमाणे गळाली, आणि तरी जयवंतचे बांबू चाळीच्या भिंतीला टेकून तसेच उभे राहिले.

कारण नाक्यावर दिगंबर राऊळच्या प्रतिष्ठानची पांढरी गाडी येऊन उभी राहिली होती. फोन केला की गाडी दारात. सामान फुकट, गाडी फुकट, बर्फाची पेटी फुकट. उचलायला चार माणसं, तीही फुकट.

जयवंतचा बाप लवूनाना हेच काम पूर्वी फुकट करायचा. गिरणीत साचेखात्यात होता. चाळीत कुणी गेलं की पाळी टाकून यायचा, शर्ट काढून खुंटीला लावायचा आणि अंगणात बसून तिरडी बांधायचा. त्याच्या हातची गाठ सुटली असं कधी झालं नाही. बांधून झालं की स्वतः पुढचा खांदा द्यायचा, भोईवाड्याच्या स्मशानापर्यंत. मेल्या घरचं पाणी प्यायचं नाही म्हणून घशाला कोरड पडलेला तसाच परत यायचा आणि नळाखाली बसायचा. गिरणी बंद पडली, जयवंतला कुठे काम लागेना, तेव्हा त्याने चाळीच्या भिंतीला लागून हे सामानाचं खोपटं घातलं. बाप फुकट करायचा ते पोराने विकायला काढलं, असं लोक म्हणाले. लवूनाना तर कित्येक महिने पोराशी धड बोलला नव्हता. पण सामान विकत घेतलं तरी बांधायची चाळ, उचलायची चाळ, आणि प्रत्येक खोलीतला एक तरी माणूस खाली उतरायचा. तेवढं तरी शाबूत होतं.

दिगंबर काही वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ह्याच चाळीत दुसऱ्या मजल्यावर वाढला. जयवंतच्या बरोबरीचा, एका पाटावर बसून जेवलेला. शिवडीच्या गोदामांचा माल वाहायला त्याने एक जुना टेम्पो घेतला. टेम्पोचे ट्रक झाले, ट्रकांच्या मागोमाग शीतगृहं झाली, दिग्याचा दिगूशेठ झाला आणि परळच्या टॉवरात राहायला गेला. मग साथीच्या दिवसांत त्याचा बाप इस्पितळात वारला. एवढा मोठा शेठ, पण बापाला प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दोन अनोळखी माणसांनी उचललं आणि दिगंबर रस्त्याच्या पलीकडून बघत राहिला. ते त्याच्या काळजात रुतून बसलं. साथ ओसरली तशी त्याने धंदा पुतण्यांच्या हाती सोपवला आणि हे प्रतिष्ठान काढलं. उद्घाटनाच्या भाषणात तो म्हणाला, "आपल्या लालबाग-परळात एकाही माणसाला खांद्यासाठी कुणाच्या तोंडाकडे बघायची वेळ येऊ नये." लोकांचे डोळे पाणावले. आणि पुढे अगदी तसंच झालं. कुणाला कुणाच्या तोंडाकडे बघायची गरज उरली नाही.

एका सकाळी दिगूशेठची गाडी खोपटापाशी थांबली. तो स्वतः उतरला. सोबत प्रतिष्ठानचं काम बघणाऱ्या मृणालिनी मॅडम होत्या, हातात दोन फोन.

"काय जयवंता, कसं चाललंय?"

"चाललंय. तुझ्या कृपेने बांबूला पालवी फुटायची बाकी आहे."

दिगूशेठ हसला नाही. त्याने बांबूवर हात फिरवला. "मला कळतंय रे. तुझ्या पोटावर पाय द्यायला मी हे काढलं नाही. गाडीचं लायसन आहे ना तुझ्याकडे? मग ये माझ्याकडे. शववाहिका चालव. पगार वेळेवर. तुला ह्या कामाची जाण आहे, लवूनानांचा मुलगा तू."

"दिग्या, मी काय म्हणतो..."

"जयवंतराव," मृणालिनी मॅडम मध्येच पण गोड आवाजात म्हणाल्या, "सरांना सर म्हणूया का? स्टाफ आता वाढतोय. एक शिस्त असली की बरं पडतं."

जयवंतने दिगंबरकडे पाहिलं. दिगंबरने बांबूकडे पाहिलं. जयवंतला वाटलं, आता हा म्हणेल, राहू दे हो मॅडम, आम्ही लहानपणचे. दिगंबरने बांबूवरची धूळ बोटाने पुसली. मग जयवंतनेच घसा खाकरला आणि म्हणाला, "बघतो, शेठ."

बघण्यासारखं काही नव्हतं. घरात बायको मेघना मसाल्याच्या डंखावर कामाला. दिवसभर मिरची कुटून संध्याकाळी डोळे लाल करून यायची आणि रात्रभर खोकायची. बाप अंथरुणाला खिळलेला. त्या आठवड्यात खोपटं निघालं. त्या जागी प्रतिष्ठानच्या गाड्या उभ्या राहायला लागल्या. उरलेले चांगले चार बांबू जयवंतने खोलीच्या माळ्यावर टाकले. फेकून द्यायचा जीव झाला नाही, एवढंच.

काम अंगमेहनतीचं होतं. जुन्या चाळींचे जिने अरुंद, वळणाचे. वरून लोखंडी स्ट्रेचर उतरवायचं म्हणजे पुढच्याने पाठ करून एकेक पायरी चाचपत यायचं आणि मागच्याने गुडघे वाकवून सगळं वजन मनगटावर घ्यायचं. वळणावर स्ट्रेचर उभं करावं लागे. तेव्हा पट्टे आवळलेले असले तरी मेलेला माणूस खाली सरकायचा आणि त्याचे पाय पुढच्याच्या मानेला लागायचे. ऊन मी म्हणत होतं. बर्फाची पेटी उचलताना तिचं पाणी सदऱ्यात शिरायचं, अंगाला वास यायचा. सोबतची पोरं शिवडीच्या गोदामातले हमाल होती, दिगूशेठने तिकडून इकडे आणलेली. त्यातला राहुल सगळ्यांत दणकट. त्याला जयवंत पहिल्या दिवसापासून सांगायचा, "सावकाश, माणूस आहे." राहुल म्हणायचा, "दादा, गोणीपरिस हलकं हाय. टेन्शन नको."

निळा टी-शर्ट घालायचा आणि पाठीवर दिगूशेठचा फोटो. हसरा. मर्तिकाला हसरा फोटो कुणाच्या डोक्यातून निघाला देव जाणे. रोज संध्याकाळी मेघना तो टी-शर्ट मोरीत आपटायची. "रंग गेला, शिवण गेली. ह्यांचं हसू काय जात नाही," म्हणायची.

आणि सगळ्यांत जड काम वेगळंच होतं. मयत गाडीत ठेवली की घरच्यांना प्रतिष्ठानच्या फलकाशेजारी उभं करून फोटो काढायचा. फलकाचं एक टोक राहुलने धरायचं, दुसरं जयवंतने. देणगीदारांना दाखवायला लागतो, मृणालिनी मॅडम म्हणायच्या, पारदर्शकता हवी. कालपर्यंतची सवाष्ण कपाळ पुसलेल्या अवस्थेत उभी राहायची आणि जयवंत म्हणायचा, "वहिनी, जरा इकडे बघा." पहिल्यांदा म्हणताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग सवय झाली. सवय ही फार वाईट गोष्ट, माणसाला काहीही पचतं.

राधाबाईंचे यजमान गेले ते वैशाखात. त्या शेजारच्याच खोलीतल्या. जयवंतच गाडी घेऊन आला. पोरांनी बघता बघता मयत खाली उतरवली. जयवंतने वर पाहिलं तर सगळ्या गॅलऱ्या माणसांनी भरलेल्या. बायका कठड्याला रेलून, पुरुष टॉवेल खांद्यावर टाकून, काही जण चहाचा कप हातात धरून. सगळ्यांनी हात जोडले. खाली कुणी उतरलं नाही. "गाडी आहे ना आता, गर्दी कशाला," तिसऱ्या मजल्यावरचा कुणीतरी बोलला, आणि ते सगळ्यांना पटलं. राधाबाईंचा जावई एकटाच गाडीत बसला.

संध्याकाळी जयवंत बापाची पाठ पुसत होता. लवूनानाच्या पाठीला अंथरुणाने जखमा पडल्या होत्या. हाडांवर नुसतं कातडं उरलेलं. हात मात्र अजून रुंद होते, बोटांच्या पेरांवर काथ्याने पडलेले जुने घट्टे.

"कोण कोण गेले रे भोईवाड्यार?" लवूनानाने विचारलं.

"गेले सगळे, बाबा."

"खोटा बोलू नको. माझे डोळे गेले, कान नाय गेले. जिन्यार पायच वाजूक नाय."

जयवंतने फडकं पाण्यात पिळलं. म्हाताऱ्याने भिंतीकडे तोंड केलं. मग त्याने चाचपून पोराचं मनगट धरलं.

"झिला, एक आयक. माका त्या गाडयेत घालू नको. माका खांद्यावरसून व्हरा. ह्या चाळीतल्या सगळ्यांक मी पोचवलंय. त्यांची पोरां माका पोचयतली."

"बाबा, आता तसं कुणी..."

"शब्द दी."

जयवंतने दिला. आयुष्यात बापाने काही मागितलं नव्हतं. मोरीतून मेघना सगळं ऐकत होती. तो बाहेर गॅलरीत आला तशी तीही आली.

"शब्द कशाला दिलात? तुम्ही त्यांच्या गाडीवर ड्रायव्हर, आणि तुमचाच बाप गाडीत नको म्हणायचं? शेठला काय वाटेल?"

"शेठला काय वाटायचंय? चाळीतलाच आहे तो."

"चाळीतला होता," मेघना म्हणाली. "आणि उचलणार कोण? मला चार माणसं दाखवा. नुसती चार." तिला खोकला आला. खोकला थांबल्यावर ती हळूच म्हणाली, "म्हाताऱ्याचं मन मोडू नये हे मला कळतं. पण नंतर तुमचं मोडेल त्याचं काय?"

लवूनाना गेला तेव्हा सकाळचा नळ आला होता. मेघना हंडा भरून आत आली आणि तिने पाहिलं, त्याचं तोंड उघडं होतं आणि घरघर थांबली होती. तिने हंडा खाली ठेवला, पदर तोंडाला लावला. जयवंत निळा टी-शर्ट घालून कामाला निघायच्या बेतात होता. त्याने तो उतरवला, घडी घालून पेटीवर ठेवला आणि बापाचे डोळे मिटले. मग फोन लावला.

"मॅडम, बाबा गेले. आज येत नाही."

"अरेरे! वाईट झालं हो. थांबा, मी लगेच गाडी पाठवते. भोईवाड्याची वेळही बुक करते."

"वेळ बुक करा. गाडी नको. खांद्यावरून न्यायचंय. त्यांची इच्छा होती."

"जयवंतराव, तुम्ही आपलेच स्टाफ. लोक विचारतील, ह्यांच्याच माणसाने गाडी का नाकारली? जरा विचार करा. अर्थात, तुमचा घरचा प्रश्न आहे."

चाळीत घरच्या माणसाने दारोदार सांगत फिरायचं नसतं. शेजाऱ्याने हाक द्यायची असते. पूर्वी त्यासाठी कुणाला सांगावं लागत नसे. आज राधाबाई उठल्या. गुडघे धरून एकेक मजला चढल्या, दारं वाजवली, "लवूनाना गेले हो," म्हणाल्या. प्रत्येक दारात हळहळ ऐकू आली. देवमाणूस होता, म्हणाले. सुटला बिचारा, म्हणाले. आणि दार लोटता लोटता विचारलं, "गाडी कधी येतेय?"

"गाडी नाही. खांद्यावरून न्यायचंय."

"हो का? बरं बरं. निघायच्या वेळी हाक मारा."

बायका येऊन बसल्या. म्हाताऱ्याला आंघोळ घालायची वेळ आली तेव्हा राधाबाईंचा जावई तेवढा होता आणि तळमजल्यावरचा एक दम्याचा म्हातारा. जयवंतने माळ्यावरून बांबू काढले, अंगणात नेले. काथ्या भिजवला. मग तो वाट बघत उभा राहिला. पोराने बापाची तिरडी बांधू नये हे त्याला माहीत होतं. सगळ्या चाळीला माहीत होतं. पण बांधायला येणारं कुणी उरलं नव्हतं. जे शिकले होते ते ह्याच बापाने पोचवले होते. उरलेल्यांना लोखंडी स्ट्रेचरची सवय लागली होती, ते खाली उतरले नाहीत.

शेवटी तोच उकिडवा बसला. राधाबाई वरून ओरडल्या, "अरे, तू नको रे बांधू! पोराने बापाला बांधायचं नसतं!"

"मग कोण बांधणार, तुम्ही बांधता?" तो खेकसला, आणि त्याला लगेच लाज वाटली. त्याने मान खाली घातली. आडव्या कामट्या लावल्या, काथ्याचा फास टाकला, टाच बांबूवर रोवून ओढला. पहिली गाठ सुटली. दुसऱ्यांदा बांधली. गॅलरीतून लोक बघत होते. कुणाच्या तरी हातातला फोन त्याच्यावर रोखलेला त्याला दिसला.

तिरडी तयार झाली. पेंढा पसरला, कापड घातलं, लवूनानाला खाली आणून ठेवलं. तेवढं जयवंत, मेघना, जावई आणि दम्याचा म्हातारा अशा चौघांत कसंबसं झालं. आता खांदे हवे होते. दम्याचा म्हातारा पायरीवर बसून धापा टाकत होता. विस्तव धरणारा मुलगा पुढे चालतो, त्याने खांदा देऊन चालत नाही. म्हणजे राहिला राधाबाईंचा जावई.

ऊन अंगणात उतरलं. मेघनाने छत्री आणून म्हाताऱ्याच्या तोंडावर धरली. माशा येत होत्या. बराच वेळ ती तशीच उभी होती. मग तिने छत्री जयवंतच्या हातात दिली, पदर खोचला आणि स्वतः जिना चढली. मेल्या घरची सून, केस मोकळे, दारोदार.

पहिल्या मजल्यावरचा म्हणाला, मणक्यात गॅप आहे, डॉक्टरने वजन उचलायला बंदी केलीय. त्याच्या पुढचा लॅपटॉपसमोर बसला होता. कानातला हेडफोन न काढता त्याने हातानेच खूण केली, दहा मिनिटं. दुसऱ्या मजल्यावर एक जण म्हणाला, "वहिनी, भोईवाडा म्हणजे जवळ नाही. ह्या उन्हात मला चक्कर येते." तिसऱ्या मजल्यावरचा मात्र स्पष्ट बोलला.

"वहिनी, राग मानू नका. आमच्या सगळ्यांच्या दारात तुमचा नवरा गाडी घेऊन येतो. फलक धरून फोटो काढतो. आमची माणसं गाडीतून गेली ते चाललं, आणि तुमच्या सासऱ्याला खांदा? आज हे काय नाटक?"

मेघना खाली आली आणि तिने जयवंतच्या हातातून छत्री परत घेतली.

"फोन लावा," ती म्हणाली. "बोलवा गाडी. वास यायला लागेल हो. म्हाताऱ्याचे किती हाल करायचे?"

जयवंत बापाकडे बघत राहिला. बांधलेल्या कापडातून फक्त तोंड उघडं होतं, आणि त्या तोंडावर काहीच नव्हतं. राग नाही, काही नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. जयवंतने फोन काढला, पण बोट पुढे जाईना.

त्याला फोन करावा लागला नाही. नाक्यावर हॉर्न वाजला. पांढरी गाडी आली, आणि तिच्या मागून दिगूशेठची काळी. दिगूशेठ अनवाणी उतरला. पांढरा कुडता, डोळे खरंच ओले. त्याने येऊन लवूनानाच्या पायांवर डोकं ठेवलं आणि हुंदका दिला.

"माझ्या आजोबांना ह्या माणसाने बांधलं होतं. मी लहान होतो, मला कडेवर घेऊन दाखवलं होतं," तो म्हणाला. "जयवंता, मला का नाही कळवलंस? मॅडमकडून कळावं मला? लवूनानांची इच्छा मला माहीत आहे. खांदा मी देणार."

जयवंतचा बांध तिथे फुटला. सकाळपासून तो रडला नव्हता. आता दिगंबरच्या गळ्यात पडून तो लहान पोरासारखा रडला. "दिग्या," म्हणाला, "कुणी आलं नाही रे." त्या घटकेला त्याने दिगंबरचं सगळं माफ केलं.

शेठ खाली उभा आहे ही बातमी दारं वाजवत फिरून द्यावी लागली नाही. जिन्यावर पाय वाजायला लागले. मणक्याचा उतरला, लॅपटॉपवाला उतरला, चक्कर येणारा उतरला. तिसऱ्या मजल्यावरचा तर टोपी घालून आला आणि दिगूशेठच्या बरोबरीने पुढच्या बांबूला जाऊन उभा राहिला. अंगण भरलं. जरा बाजूला, जरा बाजूला, असं ज्याचं त्याचं चाललं. मृणालिनी मॅडमनी एका माणसाला कठड्यावर चढवलं, कॅमेरा घेऊन.

जयवंतला हे सगळं दिसलं नाही असं नाही. पण माणसं आली होती. बापाने मागितलं होतं ते मिळत होतं. कशाने का असेना.

राधाबाईंनी मडक्यातल्या शेणीवर विस्तव ठेवला, शिंकाळं त्याच्या हातात दिलं. "आता पुढे चाल. आणि काही झालं तरी मागे वळून बघायचं नाही. बघितलंस तर त्याचा जीव मागे ओढतो."

तिरडी उचलली. राम बोलो भाई राम, असा आवाज उठला. कित्येक दिवसांत ह्या चाळीतून असा आवाज उठला नव्हता. जयवंत पुढे निघाला. धूर नाकातोंडात जात होता. मागे पायांचा आवाज होता, दाट, घासत येणारा, खूप माणसांचा. त्याने तो अंगभर ऐकला. बाबा, आली बघा सगळी, तो मनात म्हणाला. त्यांची पोरं आली.

नाका आला. तो वळला, चिवड्याच्या दुकानांवरून बाजाराच्या रस्त्याला लागला. मागचा आवाज वळला नाही.

त्याची पावलं मंदावली. मान ताठ झाली. मागून दिगूशेठचा आवाज आला, समजूतदार, मोठ्या माणसाचा. "बस, बस. इथपर्यंत झालं. लवूनानांचा मान राहिला. आता उन्हात लोकांना कशाला त्रास? गाडीत घ्या."

मग टोपीवाल्याचा. "हो ना, पुढे ट्रॅफिकपण आहे."

मग दारं सरकल्याचा आवाज. तिरडी गाडीला लागल्याची ठक. पुन्हा ठक. बांबूची तिरडी त्या गाडीत मावत नाही हे जयवंतइतकं कुणाला माहीत होतं? गाडी लोखंडी स्ट्रेचरच्या मापाची. राहुल म्हणत होता, "शेठ, नाय जात. काथ्या कापून काढायला लागंल. म्हाताऱ्याला स्ट्रेचरवर घेऊ." कुणीतरी चिवड्याच्या दुकानातून सुरी मागितली. ओल्या काथ्यावर सुरी चालल्याचा करकर आवाज आला. एक गाठ. दुसरी. जयवंत रस्त्याच्या मधोमध उभा होता, पाठ करून. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता. वळायचं नव्हतं.

"जयवंता, ये, पुढे बस," दिगूशेठने हाक दिली.

"शेठ, विस्तव हाय त्यांच्या हातात," राहुल म्हणाला. "गाडी सीएनजी हाय. आत घेता येत नाय. दादांनीच शिकवलंय आमाला. विझवून बसायचं."

मृणालिनी मॅडम काहीतरी हळू बोलल्या. भोईवाड्याची वेळ, असं काही.

"बरं, विझव आणि ये रे," दिगूशेठ म्हणाला. "जयवंता, ऐकतोयस ना?"

जयवंत चालायला लागला. वळला नाही. मडकं घट्ट धरून तो चालत राहिला. मागे हॉर्न वाजला, थोडा वेळ इंजिन त्याच्या पाठीशी गुरगुरलं. त्याच्यामागे बस तुंबल्या, ट्रॅफिक हवालदाराने शिट्टी फुंकली. मग गाडी उजवीकडून निघाली आणि सावकाश त्याच्या शेजारी आली. आज जयवंतच्या जागी स्टिअरिंगवर राहुल होता. तो जयवंतकडे बघत नव्हता. मागच्या काचेतून पांढऱ्या कापडातले पाय दिसले, पट्ट्याने आवळलेले. गाडी पुढे गेली.

विस्तवाने पुढे चालायचं आणि मेलेल्याने मागून यायचं. लवूनानाने चाळीतल्या सगळ्यांना ह्याच रीतीने नेलं होतं. जयवंत धावायला लागला. पन्नाशीचा माणूस, उघडाबोडका, हातात शिंकाळं, बाजारातून धावतोय. ठिणग्या उडत होत्या. बायका पिशव्या सावरून बाजूला झाल्या, कुणीतरी शिवी हासडली. उड्डाणपुलाच्या सावलीपर्यंत तो धावला. तिथे त्याचा श्वास संपला. गाडी परळच्या वळणावर दिसेनाशी झाली.

तो उभ्याने धापा टाकत राहिला. शेणी धुमसत होती, शिंकाळ्याचा काथ्या बोटांना चटके देत होता. थोड्या वेळाने तो पुन्हा चालायला लागला. विस्तव पाहून रस्त्यावरची माणसं सवयीने थांबत होती, हात जोडत होती, आणि मग त्याच्या मागे बघत होती. फुटपाथवर लिंबं विकणाऱ्या एका म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली, मागचा रस्ता पाहिला आणि विचारलं, "काय हो, मयत कुठंय?"

"पुढे गेली," जयवंत म्हणाला.

म्हाताऱ्याला ते काही समजलं नाही. तो टोपी हातात धरून रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिला.